जुळ्याने बॅग खाली ठेवली

माझा व्हिसा ज्या माणसाने बुडवला, तो मीच. म्हणजे मी नव्हे, माझा जुळा. आणि मला जुळा भाऊ नाही. थांबा, डोकं खाजवू नका. मलाही हे समजायला वेळ लागला, आणि खरं सांगायचं तर अजून पुरतं समजलेलं नाही.

मी उल्हास झेंडे. कराडात फेट्यांचं दुकान. लग्नसराईत सकाळपासून माणसांची डोकी बांधतो आणि बांधता बांधता त्यांच्या खोड्या काढतो. धंदा पहिला की खोड्या पहिल्या, हे बायकोलाही सांगता येत नाही. शेजारचे सूर्यवंशी तात्या मुलाकडे परदेशी निघाले होते, तेव्हा मी त्यांना सांगितलं, "तात्या, व्हिसाच्या मुलाखतीत एका पायावर उभं करतात. तोल बघतात. परक्या देशात पडला बिडला तर दवाखाना त्यांना नको." म्हातारा रोज चौकात बगळ्यासारखा उभा. पेठेतली पोरं येताजाता सलाम करायची. मुलाखतीहून आले ते थेट दुकानात. मला वाटलं, आता चप्पल निघते. तर म्हणाले, "उल्हास, मी न विचारताच उभा राहिलो. बाई घाबरली आणि शिक्का मारला."

तात्यांना एका पायावर मिळाला. मला दोन्ही पायांवर उभं राहून मिळेना.

मला जायचं होतं माझ्या बहिणीकडे. वैजयंता तिचं नाव, आम्ही आक्का म्हणतो. माझ्याहून बरीच मोठी. आईच्या मागे मला तिनेच न्हाऊमाखू घातलं. लग्न करून परदेशी गेली. कुठल्या देशात ते सांगत नाही, पासपोर्टवर त्यांचा शिक्का आहे, उगाच कशाला. थंड देश आहे एवढं धरा. दर दिवाळीला आक्का कराडला यायची, मला ओवाळायची, चार वस्तू विसरून जायची. मग गेल्या वर्षी दाजी वारले. त्यातच आक्काच्या कानात काहीतरी बिघडलं. कानाच्या आत तोल सांभाळायची नळी असते म्हणे, तीच रुसली. उठली की घर फिरतं. डॉक्टरांनी विमान बंद करून टाकलं. कायमचं.

म्हणजे हिशेब साधा होता. ती येऊ शकत नाही. मी गेलो नाही, तर आमची भेट आता फक्त फोनच्या काचेवर.

"या भाऊबीजेला मीच येतो," मी फोनवर सांगितलं.

"तू? तुला कोण घेणार रे देशात, उल्ह्या?" आक्का हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "येशील खरंच?"

कोल्हापुरात नाझनीन मुजावर म्हणून एक मॅडम व्हिसाची कामं करतात. बोलणं कात्रीसारखं. मी गेलो तेव्हा त्यांनी पाणीसुद्धा विचारायच्या आधी मूळ मुद्दा सांगितला.

"झेंडेसाहेब, पाहुण्याचा व्हिसा म्हणजे काय ते आधी नीट ऐका. तुमचा अर्ज माणूस बघो नाहीतर मशीन, सुरुवात इथून होते की हा परत येणार नाही. येणार आहे, हे तुम्ही पटवायचं. दुकानाचा परवाना, घराचा उतारा, बँकेचं स्टेटमेंट, विमा. बहिणीचं आमंत्रणाचं पत्र. तिकीट आधी काढायचं नाही, नुसता बेत दाखवायचा. आणि कशाला जाताय विचारलं तर 'बहिणीला मदत करायला' असं चुकूनही म्हणायचं नाही."

"का? मदत वाईट?"

"मदत म्हणजे काम. या व्हिसावर काम चालत नाही."

"मग तिकडे भांडी घासली तर?"

"स्वतःची घासा," मॅडम म्हणाल्या. "हे सगळं जुनंच आहे. नवीन आहे ती पूर्वभेट."

ही पूर्वभेट काय भानगड आहे, ते मला जसं कळलं तसं सांगतो.

हवामान खातं पावसाचा अंदाज कसा देतं? एकच गणित पुन्हा पुन्हा चालवतात. दर वेळी सुरुवातीला बारीक फरक करायचा. इथे वारा जरा जास्त, तिथे गर्मी जरा कमी. शंभरातल्या ऐंशी गणितांत पाऊस पडला, की म्हणायचं ऐंशी टक्के. त्या देशाने हेच माणसांवर सुरू केलं होतं. जाणारा आणि बोलावणारा, दोघांची मागच्या काही वर्षांची बोलणी त्यांच्या संमतीने घ्यायची. फोन, व्हिडिओ, आवाजातले निरोप, सगळं. त्यातून मशीन दोघांचे जुळे बनवतं. जुळ्याला हाडामासाचं काही नाही, चेहरा फक्त बघणाऱ्याच्या सोयीसाठी. आत नुसत्या सवयी. कोण काय बोललं की हा काय बोलतो, कशावर हसतो, कुठे अडून बसतो, कशाला विरघळतो. मग या जुळ्यांची भेट घडवून आणायची, तीही हजार वेळा. एकदा बर्फ पडतो, एकदा गुडघा धरतो, एकदा जुन्या गोष्टीवरून भांडण निघतं. आपला चहा गार होईपर्यंत मशीनमध्ये हजार भेटी उरकतात. शेवटी एवढंच मोजायचं, किती वेळा जुळा मुदतीच्या आत परतीच्या विमानात बसला.

"म्हणजे भविष्यच की!" मी म्हटलं.

"भविष्य नाही हो. सवय," मॅडम म्हणाल्या. "माणूस भविष्याला फसवू शकतो, सवयीला नाही."

मी खूश झालो. माझी सवय तर काय, कराड सोडून दोन रात्री काढल्या की मला तिसऱ्या रात्री कृष्णामाईची स्वप्नं पडतात. परत येण्यात माझा हात कोण धरणार?

उत्तर आलं. नकार. हजारातल्या निम्म्याहून जास्त भेटींत मी मुदतीत परत आलोच नव्हतो.

मी ते दोनदा वाचलं. मग बायकोला वाचायला दिलं, ही माझी चूक. सारिकाने वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"कुठे राहिलात?"

"अगं, मी कुठे गेलोय? मी इथेच आहे."

"ते दिसतंय. तिकडे कुठे राहिलात, आणि कोणाबरोबर?"

"तो मी नाही! मशीनमधला जुळा आहे."

"आवाज तुमचा, सवयी तुमच्या, मग दुसरा कोण? निम्म्याहून जास्त वेळा तुम्ही मला टाकून राहिलात," असं म्हणून ती आत गेली, आणि त्या दिवशी मला वरण फोडणीशिवाय मिळालं. न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा मी आयुष्यात पहिल्यांदाच भोगत होतो. एरवी केलेल्याचीही भोगत नाही.

नकार मिळालेल्या माणसाला एक हक्क असतो. हजारातली कुठलीही एक भेट त्याला बघता येते. मी जाणार म्हटल्यावर सारिका म्हणाली, "मीपण येणार. मला ती बघायचीच आहे."

"ती कोण?"

"तेच बघायचंय."

मुजावर मॅडमच्या ऑफिसात पडद्यावर आक्काचं स्वयंपाकघर उघडलं आणि मी खुर्चीत मागे सरकलो. मी होतो तिथे. दाजींचा स्वेटर घालून, पोट खाजवत. आक्काच्या जुळीची पाठ वळल्यावर त्या हलकटाने साखरेच्या डब्यात मीठ ओतलं. मला हसू आवरेना. सारिका म्हणाली, "हे मात्र तुम्हीच." मॅडमनी भराभर दिवस पुढे सरकवले. बर्फ पडला, वितळला. मग निघायची सकाळ. जुळा बूट घालून, बॅग घेऊन दाराशी उभा.

"राहा रे दोन दिवस," आक्काची जुळी म्हणाली.

"नको गं. दुकान आहे."

"दुकान पळून जातंय का? राहा."

"नको, आक्का. सारिका वाट बघते."

"बघू दे की. मी मेल्यावर येणार आहेस का? माझी शपथ आहे, राहा."

आणि जुळ्याने बॅग खाली ठेवली.

मॅडमनी पडदा थांबवला. "विमान गेलं. मुदतही त्याच दिवशी संपली. आता मला सांगा, पहिल्या दोन वेळी हा माणूस ठाम होता. तिसऱ्या वेळी एकदम काय झालं?"

मी आणि सारिकाने एकमेकांकडे बघितलं. सारिकाच्या चेहऱ्यावरचा संशय उतरला आणि तिथे दुसरंच काहीतरी आलं.

"अहो मॅडम, पहिले दोन नकार धरायचे नसतात," ती म्हणाली. "कुणाकडे गेल्यावर पहिल्यांदा विचारलं की लगेच घेतं का कोणी? अधाशी म्हणतील ना."

"ते मला सांगता होय?" मॅडम हसल्या. "आमच्याकडे शिरखुर्म्याला हेच. पण मशीनला कसं सांगणार? मशीनने तुमच्या दहा वर्षांच्या गप्पा ऐकल्यात. करंजी असो, पैठणी असो, नाहीतर मुक्काम असो. दोनदा नको आणि तिसऱ्यांदा 'बरं, तू म्हणतेस तर.' एकदाही चुकलेलं नाही. आक्का तुम्हाला निघताना आग्रह करणार, तुम्ही विरघळणार. पक्कं."

अपील केलं. त्यांच्या अधिकाऱ्याचं उत्तर मराठीत भाषांतर होऊन आलं: 'अर्जदार प्रेमळ दबावापुढे टिकत नाही.' मी ते फ्रेम करून दुकानात लावणार होतो. सारिकाने लावू दिलं नाही.

मॅडमनी उपाय सांगितला. मशीन ताज्या बोलण्याला जास्त वजन देतं. जुनं दहा वर्षांचं एका पारड्यात आणि मागचे दोन-तीन महिने दुसऱ्यात. तेव्हा सवय बदला. हो तर हो, नाही तर नाही. एकदाच.

मला वाटलं, हा तर सगळ्यात मोठा विनोद होईल. आयुष्यभर लोकांना फसवलं, आता मशीनला फसवायचं.

पहिल्याच दिवशी सूर्यवंशी काकूंकडे गेलो. काकू म्हणाल्या, "चहा टाकते." मी म्हणालो, "टाका." काकू तशाच उभ्या. मी बसलेला. काकू आत गेल्या, बाहेर आल्या, मुलाकडून परतलेल्या तात्यांकडे बघितलं. तात्या उठून मागच्या दाराने गेले. दूध आणायला! बिचाऱ्यांच्या घरात थेंब नव्हता. मी नको म्हणणार आणि विषय संपणार, असंच त्यांनी धरलं होतं.

मग उंब्रजला एक लग्न. फेटे बांधून जेवायला बसलो. नवरीचा मामा जिलेबीचं ताट घेऊन आला. "घ्या झेंडे." मी म्हटलं, "नको." मामाने वाढायला हात पुढे केला, मी पान मागे ओढलं. मामाचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने नवरीचा बाप हात जोडून आला. "मालक, मानपानात काही चुकलं का आमचं?" त्याच्या मागे नवऱ्याचा बाप. दोन्हीकडच्यांना वाटलं, दुसऱ्याने मला काहीतरी बोललंय. अक्षता पडायच्या आधी लग्न मोडतंय की काय, अशी पाळी. शेवटी मी पाच जिलेब्या खाल्ल्या आणि तो व्हिडिओ कोणी काढू नये म्हणून देवाला हात जोडले.

हे सगळं हसण्यावारी गेलं. आक्काचं तसं जाईना.

आमचं ठरलं होतं, फोनवर आग्रह करायचा नाही. आधी आमचा फोन कसा असायचा? "ठेवते" म्हटल्यावर खरा फोन सुरू व्हायचा. "ठेवते रे." "अगं थांब, एक राहिलं." "बोल, पण मग ठेवते." असं करत करत दोघांचे कान तापायचे. आता ती म्हणायची, "जेवलास?" मी म्हणायचो, "हो." "बरं. ठेवते." "ठेव." आणि ती ठेवायची. मी फोन कानाला तसाच लावून बसायचो. पलीकडे काही नसायचं.

एकदा तिने विचारलं, "लोकरीचा स्वेटर विणू का तुला?" माझ्या तोंडात 'कशाला त्रास घेतेस' आलं होतं. ते म्हटलं असतं तर ती म्हणाली असती 'त्रास कसला', आणि स्वेटर झाला असता. पण नियम म्हणजे नियम. हो म्हणावं की नाही, माझा गोंधळ झाला, आणि तोंडातून निघालं, "नको."

"बरं," आक्का म्हणाली.

मी सारिकाला म्हटलं, "मला हवा होता गं स्वेटर."

"मग हो म्हणायचं."

"लगेच हो कसं म्हणू? आक्का आहे ती!"

दुसरा अर्ज गेला. या वेळी माझा जुळा हजारातून जवळजवळ सगळ्याच वेळा परत आला होता. मी पेढ्यांचा बॉक्स घेऊन कोल्हापूरला गेलो. मॅडमनी बॉक्सकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि कागद सरकवला.

नकार. 'भेटीचा हेतू पटण्यासारखा नाही. यजमान व अर्जदार यांच्यात जवळीक आढळत नाही.'

"म्हणजे?" मी म्हटलं. "पहिल्यांदा जवळीक जास्त झाली म्हणून नाही, आणि आता?"

"पाहुण्याच्या व्हिसाला दोन्ही लागतं," मॅडम म्हणाल्या. "जायचं कारण खरं पाहिजे आणि यायचं कारणही खरं पाहिजे. तुमचं यायचं पक्कं झालं. जायचं कारणच उरलं नाही. भाऊ बहिणीला भेटायला चाललाय असं यात दिसत नाही. मशीनला वाटतंय, नातं नुसतं कागदावरचं आहे, तुम्ही भलत्याच कामाला चाललाय."

पुन्हा एक भेट बघितली. तेच स्वयंपाकघर. दोघे जुळे समोरासमोर बसून जेवत होते. "आणखी?" "नको." "बरं." चमच्यांचा आवाज. साखरेचा डबा तिथेच होता, जुळ्याने त्याला हातसुद्धा लावला नाही. चार दिवसांतच तो तिकीट बदलून निघाला. दाराशी आक्काच्या जुळीने हात केला आणि दार लावून घेतलं.

"बंद करा ते," सारिका म्हणाली. परतीच्या वाटेवर ती गाडीच्या काचेतून बाहेरच बघत होती. मला विनोद सुचेना. हे असं सहसा होत नाही.

आक्काला फोन करून सगळं सांगितलं. तिने विचारलं,

"म्हणजे आता परत आग्रह करायचा?"

"हो."

"असा सांगून? ठरवून?"

"मशीन ऐकतंय ना गं."

"मग मी राहा म्हणेन ते कुणाला म्हणेन, उल्ह्या? तुला, की त्याला?"

 लोकांना एका पायावर उभं करणारा मी, त्या दिवशी स्वतःच कुठल्या पायावर उभा आहे ते मला कळेना.

आग्रह करावा तर आम्ही परतत नाही. न करावा तर आम्ही एकमेकांचे कोणी लागत नाही. ही गाठ सुटली ती सातारच्या एका लग्नात. नवरदेवाचा काका फेटा बांधून घेता घेता लग्नघरच्या यजमानाला सांगत होता, "उद्या सकाळची गाडी आहे बरं का आमची." यजमान गेल्यावर मी विचारलं, "काका, उद्या निघताय? परवा तर सत्यनारायण आहे." काका डोळा मारून म्हणाले, "गाडी तेरवाची आहे हो. पण खरा दिवस सांगितला तर राहून घ्यायला जागा कुठे उरते?"

माझ्या हातातला फेटा सुटला. काकांच्या डोळ्यांवर आला.

हे तर आपण सगळेच करतो! निघायचा दिवस नेहमी आधीचा सांगायचा. मग यजमानाने आग्रह करायचा, आपण विरघळायचं, दोघांनाही जिंकल्यासारखं वाटतं, आणि गाडी काही चुकत नाही. मी त्या मशीनला खरा दिवस सांगून बसलो होतो. एवढा खोटारडा माणूस मी, आणि जिथे पाहिजे तिथेच खरं बोललो!

"मॅडम," मी फोन केला, "राहायची परवानगी किती मागायची आणि बेत किती दिवसांचा दाखवायचा, हे एकच पाहिजे का?"

"अजिबात नाही. बेत महिन्याचा दाखवा, परवानगी तीन महिन्यांची मागा. तुम्हीच हट्ट धरला होता, जेवढं राहणार तेवढंच मागतो म्हणून." मॅडम थांबल्या. मग मोठ्याने हसल्या. "झेंडेसाहेब! राहा ना मग, किती राहायचं ते. मुदतीच्या आतच पडणार."

अर्ज तिसऱ्यांदा गेला, पण त्याआधी आक्काला आणि मला पुन्हा गोड व्हायचं होतं. सुरुवातीला नाटकातल्यासारखं झालं. "भाऊराया, जेवलास का रे? अजून एक पोळी घे!" हजारो मैलांवरून. मी म्हणायचो, "नको, भगिनी." मग दोघांना हसू फुटायचं. कधी ती "माझी शपथ" म्हणायची आणि आवाज जरा ओला लागायचा. तो खरा ओला होता की मशीनसाठी, मला कळायचं नाही. मी "बरं, तू म्हणतेस तर" म्हणायचो. ते माझं खरं होतं की नाही, हेही मला सांगता यायचं नाही. कुठल्या तरी फोनला आम्ही नाटक करायचं सोडलं असेल, किंवा कुठल्याच फोनला सोडलं नसेल. मशीनला मात्र पटलं. व्हिसा आला.

सारिकाला विमानतळावर म्हटलं, "येतो महिन्याने."

"बघू," ती म्हणाली. "तुमचा जुळा काय म्हणतो ते बघू."

दिवाळीच्या तोंडावर पोहोचलो. पडद्यावरच्यापेक्षा आक्का लहान दिसली. भिंतीला हात लावत चालायची. पाडव्याला तिने चकल्या केल्या, भाऊबीजेला पाटाऐवजी खुर्चीवर बसवून मला ओवाळलं. ताट गोल फिरवताना तिचं घर फिरू लागलं, तेव्हा मीच ताट धरून स्वतःभोवती ओवाळून घेतलं. दोघं खूप हसलो. सगळं झालं. फक्त एक गोष्ट झाली नाही.

आक्का आग्रह करीना.

ताटं मांडायची आणि म्हणायची, "हवं ते घे रे." मी आपला हात मागे घेऊन थांबायचो. ती जेवायला लागायची. चांगला महिनाभर मी बहिणीच्या घरी अर्धपोटी होतो, आणि सांगायचं कुणाला? मला वाटलं, सवय लागली असेल. कधी वाटलं, आता मशीन ऐकत नाही तर कशाला उगाच, असं तर नसेल? तिने फोनवर केलं ते व्हिसापुरतंच होतं का? मी साखरेत मीठ घातलं. तिने चहा पिऊन "बरं झालंय" म्हटलं. मला कळेना, तिला समजलं नाही, की तिने माझी खोडी काढली.

महिना संपला. ठरलेली सकाळ आली. टॅक्सी खाली येऊन थांबली. मी बूट घातले, बॅग उचलली आणि दाराशी उभा राहिलो. परवानगीत अजून खूप जागा होती. तिकीटही बदलता येणारं होतं. म्हणजे मी पूर्ण तयारीत होतो. आता फक्त तिने म्हणायचं होतं.

"नीट जा," आक्का म्हणाली. "मफलर घेतलास?"

"घेतला."

"बरं."

मी उभा. ती उभी. खाली टॅक्सीने हॉर्न दिला.

"आक्का," मी म्हटलं, "तू राहा म्हणणार नाहीस?"

तिने भिंतीवरचा हात काढला नाही. "म्हटलं असतं रे. पण तुला खरं वाटलं असतं का? एवढे महिने आपण ते मशीनला ऐकवलं. मी म्हटलं असतं, तर तू मनात म्हणाला असतास, ही सवयीने बोलते का मनाने. मलापण सांगता आलं नसतं. म्हणून म्हटलं, नकोच म्हणायला."

आता इथे काय करतात, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. आमच्या सात पिढ्यांत पाहुण्याने स्वतःहून मुक्काम मागितलेला नाही.

"मी राहतो," मी म्हटलं.

"नको," आक्का म्हणाली. "सारिका वाट बघते."

"तिला सांगेन मी. राहतो ना."

"नको म्हणते ना, उल्ह्या. टॅक्सी आलीय."

हा नको कोणता? आपला नको, की खरा नको? तिच्या चेहऱ्यावरून मला कळेना. त्या मशीनने हजारदा बघून सांगितलं असतं. मला ही सकाळ एकदाच बघायला मिळणार होती. मी वाकून एक बूट काढला.

आक्काने बुटाकडे बघितलं. मग भिंत धरत धरत स्वयंपाकघरात गेली, आणि डिशमध्ये चकल्या घेऊन तशीच जिना उतरली. मी एका पायात बूट, एका पायात मोजा, तिच्या मागे. पडेल ही म्हणून.

टॅक्सीवाला पांढऱ्या दाढीचा, कुठल्या मुलखाचा होता देव जाणे. कुणी विमानतळावर जाणार नाही म्हटल्यावर तो वैतागला. आक्काने काचेतून डिश आत सरकवली. तो हात हलवून म्हणाला, नको. तिने आणखी आत सरकवली. त्याने छातीवर हात ठेवला, मान हलवली. आक्का एका हाताने टॅक्सीचं दार धरून वाकली, आणि त्या बिचाऱ्याला एक अक्षर कळत नसताना शुद्ध कराडच्या मराठीत म्हणाली, "अहो एक तर घ्या! लांबून आलाय, असे कसे जाल? माझी शपथ आहे तुम्हाला!"

त्याने एक घेतली. मग तिने त्याच्या मांडीवर दुसरी ठेवली. तिसरीसाठी ती डिश हलवत होती आणि तो हसायला लागला होता, तेव्हा मी तिथेच पायरीवर बसलो आणि दुसरा बूट काढला.